दवाखान्याच्या रजिस्टरात गाव कोठे आहे?

सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्य : घोडेगावच्या एका वैद्याचा अनुभव

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केलेला असतो. वायू, उदक, देश व काल हे चार भाव बिघडले म्हणजे भिन्न प्रकृतीची, भिन्न आहाराची व भिन्न वयाची माणसेही एकाच वेळी एकाच व्याधीने कशी ग्रासली जातात, हे त्या अध्यायाचे प्रतिपाद्य होय. परंतु त्याच्या आरंभी जे दृश्य येते, त्याकडे विद्यार्थिदशेत फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पांचाल देशातील कांपिल्य नगरी, ग्रीष्माचा अखेरचा महिना आणि गंगेचा तीर. भगवान पुनर्वसु आत्रेय शिष्यगणांसह वनातून हिंडत आहेत. ऋतूंची लक्षणे विपरीत दिसू लागली आहेत, तेव्हा भूमी निःसत्त्व होण्यापूर्वीच औषधींचा संग्रह करून ठेवावा, असे ते चालता चालता अग्निवेशास सांगत आहेत.

एका रुग्णाचा विचार सोडून संपूर्ण जनपदाच्या आरोग्याचा विचार करावयाचा, हा धडा आचार्यांनी आश्रमात बसवून न देता पायी हिंडत दिला. आजच्या भाषेत सांगावयाचे तर ते क्षेत्रकार्यच होते. औषधीसंग्रहाची सूचनाही त्याच पाठात आहे, हे आपल्या औषधालयचालक बंधूंनी ध्यानी घ्यावे.

हा अध्याय पुन्हा उघडण्याचे निमित्त मजकडे क्षेत्रकार्यासाठी आलेल्या दोन विद्यार्थ्यांनी दिले. तो अनुभव वैद्यबंधू-भगिनींपुढे व औषधालयचालकांपुढे ठेवावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

क्षेत्रकार्य म्हणजे काय?

सार्वजनिक आरोग्य या विषयातील पदव्युत्तर पदवी, म्हणजेच एम.पी.एच., आज अनेक विद्यापीठांतून दिली जाते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत हा अभ्यासक्रम २००६ पासून आहे. वैद्यकीय पदवीधरांबरोबरच परिचर्या, समाजकार्य, संख्याशास्त्र अशा विविध शाखांचे विद्यार्थी याकडे वळतात आणि त्यांत बी.ए.एम.एस. झालेल्यांची संख्याही लक्षणीय असते. अभ्यासक्रमाचा काही काळ प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घालवावा लागतो. बहुतेक विद्यार्थी जिल्हा आरोग्य कार्यालय, स्वयंसेवी संस्था किंवा मोठे रुग्णालय यांची निवड करतात. तालुक्याच्या एखाद्या गावातील आयुर्वेदीय दवाखान्यात येण्याचा विचार क्वचितच कोणी करतो, आणि आपणही त्यांना बोलावीत नाही.

आपल्या बी.ए.एम.एस.च्या आंतरवासितेशी याची गल्लत करू नये. आंतरवासी चिकित्सा शिकण्यासाठी येतो. त्याचे लक्ष समोरच्या रुग्णाकडे असते. सार्वजनिक आरोग्याचा विद्यार्थी रुग्णाच्या पाठीमागे उभ्या असलेल्या वस्तीकडे पाहतो. हा रुग्ण कोठून आला, त्याच्या घरी आणखी कोण आजारी आहे, आणि जो मुळी आलाच नाही त्याचे काय, हे त्याचे प्रश्न. आपल्या स्वस्थवृत्ताच्या अभ्यासक्रमात हे प्रश्न आहेत. व्यवसायात पडल्यावर मात्र ते मागे राहतात.

विद्यार्थी आले

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) ते छत्रपती संभाजीनगर या महामार्गावरील घोडेगाव हे नेवासे तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. घोडेश्वरी देवीचे स्थान, जनावरांचा मोठा बाजार आणि कांद्याचे लिलाव यांमुळे जिल्ह्याबाहेरही त्याचे नाव आहे. शनिशिंगणापूर जवळ असल्याने रस्त्यावर वर्दळ असते. माझा दवाखाना येथेच. शेतकरी, हमाल, मालमोटारचालक, जनावरांचे व्यापारी, हंगामात ऊसतोडणी कामगार असा सर्व प्रकारचा रुग्णवर्ग येतो.

२०१९ च्या एप्रिल महिन्यात एका परिचित प्राध्यापकांच्या शब्दाखातर मी दोन विद्यार्थ्यांना आठ आठवड्यांसाठी ठेवून घेतले. एक मुलगी बी.ए.एम.एस. झालेली, लातूरकडची. दुसरा मुलगा संख्याशास्त्राचा पदवीधर. औषधांशी त्याचा काहीच संबंध नव्हता. राहण्याची सोय गावातच केली, जेवण आमच्या घरी.

खरे सांगावयाचे तर त्यांचे काय करावे, हे मला उमगत नव्हते. कांद्याचा हंगाम ऐन भरात होता आणि दवाखान्यात गर्दी होती. पहिल्या आठवड्यात मी त्या दोघांना चूर्णाच्या पुड्या बांधावयास व केसपेपर शोधावयास बसविले. त्यांनी ते काम निमूटपणे केले. आठवड्याच्या अखेरीस ती मुलगी संकोचाने म्हणाली, "सर, दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा मागच्या वर्षाची रजिस्टरे आम्ही पाहिली तर चालेल का? नावे झाकून ठेवू."

मी होकार दिला. नावाच्या रकान्यावर जाड कागदाची पट्टी लावून ते दोघे रोज दुपारी एक ते चार वाचीत बसू लागले.

रजिस्टराने विचारलेले प्रश्न

माझ्या रजिस्टरात अनुक्रमांक, नाव, वय, तक्रार, औषध आणि रक्कम असे सहा रकाने होते. आपल्यापैकी अनेकांच्या रजिस्टरात याहून फार वेगळे काही असेल असे वाटत नाही. तीन दिवसांनी त्या मुलाने विचारले, "सर, यात गाव कुठे लिहिता?"

गाव मी लिहीतच नव्हतो. रुग्ण ओळखीचे, त्यांची गावे मला तोंडपाठ. मग लिहावयाचे कशाला? परंतु रजिस्टर हे वैद्याच्या स्मरणशक्तीला पर्याय म्हणून असते, ही साधी गोष्ट मला एका संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने शिकविली. व्यवसायाचा रकानाही नव्हता. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात काही नावांपुढे मी केवळ "कोपी" असे लिहिले होते. ऊसतोडणी कामगार ज्या पाचटाच्या झोपड्यांत राहतात, त्या कोप्या. कोणत्या गावच्या शिवारातील, कोणत्या टोळीतील, मूळ गाव कोणते, काहीही नाही. त्या टोळीतील एखाद्यास संसर्गजन्य व्याधी असता, तर हंगामानंतर त्याचा माग काढणे अशक्य झाले असते.

त्यांनी महिन्यामागून महिना खुणा करून तक्ते मांडले. अतिसार, ज्वर, कास, त्वग्विकार असे ढोबळ गट केले. कोणत्या महिन्यात काय वाढते हे मला अनुभवाने ठाऊक होतेच. तक्त्यात ते स्पष्ट दिसले, इतकेच. ठाऊक नव्हते ते पुढेच होते.

मुलीने एक वेगळा कागद काढला. दोन आठवड्यांहून अधिक काळ कासाची तक्रार असलेल्या रुग्णांचे केवळ अनुक्रमांक तीवर होते. तिने विचारले, "सर, यांपैकी किती जणांना थुंकीच्या तपासणीसाठी पाठवले होते?"

मी म्हणालो, "सांगतो मी बऱ्याच जणांना."

"नोंद कुठे असते?"

नोंद कोठेच नव्हती. कोणाला सांगितले, कोण गेला, कोणाच्या तपासणीत काय निघाले, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

पाच खेपा

त्या कागदावरील एका ओळीत एकाच केसपेपरचा क्रमांक पाच वेळा आलेला होता. पट्टी मी स्वतः बाजूला केली व नाव पाहिले. कांद्याच्या गोण्या वाहणारा एक हमाल, वय पन्नासच्या आसपास. तीन महिन्यांत पाच खेपा. प्रत्येक वेळी सितोपलादी चूर्ण, वासावलेह, अधूनमधून ज्वरासाठी काही. दुसऱ्या खेपेस "बरे वाटते" अशी नोंद माझ्याच अक्षरात होती. पाचव्या खेपेनंतर तो आला नव्हता, आणि आला नाही म्हणजे बरा झाला, असे मी गृहीत धरले होते.

त्याच सायंकाळी त्या वस्तीच्या आशाताईंना बरोबर घेऊन मी त्याच्या घरी गेलो. विद्यार्थ्यांना नेले नाही. तो प्रश्न वैद्य आणि रुग्ण यांच्यातील होता. माणूस घरीच होता, खूप वाळलेला. थुंकीतून रक्त पडल्यावर नातेवाइकांनी त्याला नगरला नेले होते. फुप्फुसाचा क्षयरोग निघाला होता व शासकीय औषध सुरू होऊन महिना झाला होता. माझ्याविषयी त्याच्या बोलण्यात राग नव्हता. उलट त्याची बायको म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?" आणि हे बोलताना तिला खोकला आला.

तिलाही महिन्यापासून खोकला होता, सायंकाळी अंग गरम होत असे. घरात तीन वर्षांचा नातू. दुसऱ्याच दिवशी आशाताईंनी तिला तपासणीस नेले. तिलाही क्षयरोग निघाला. नातवाची तपासणी होऊन त्याला प्रतिबंधक औषध सुरू झाले. पुढे दोघा नवरा-बायकोचे उपचार पूर्ण झाले व आज दोघेही कामावर आहेत, हे सांगताना मला समाधान वाटते. परंतु ते श्रेय माझे नाही.

यात सितोपलादीचा अथवा वासावलेहाचा दोष नाही. उपशय हा निदानपंचकातील एक घटक. पण चार दिवस कास कमी झाला एवढ्यावरून व्याधी मावळला असे मानणे हा उपशयाचा आभास होय. राजयक्ष्म्याचे वर्णन आपल्या संहितांत इतके सविस्तर आहे की पन्नाशीच्या, वाळत चाललेल्या, सायंकाळी ज्वर येणाऱ्या हमालाला पाहून मला ते स्मरावयास हवे होते. स्मरलेही असेल, पण पाचही खेपा निरनिराळ्या गर्दीच्या दिवशी आल्या आणि त्या एकत्र वाचणारे कोणी नव्हते. रजिस्टर होते, पण मी ते केवळ लिहीत होतो. वाचले ते परक्याने.

कायदा काय सांगतो?

या संदर्भात काही बाबींची उजळणी करणे उचित होईल. क्षयरुग्णाची नोंद शासनास कळविणे २०१२ पासून सर्व आरोग्यसेवा देणाऱ्यांवर बंधनकारक आहे. मार्च २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने दवाखाने, प्रयोगशाळा यांबरोबर औषधविक्रेत्यांचाही त्यात स्पष्ट समावेश केला व कसूर केल्यास दंडविधानाची तरतूद लागू केली. आपण क्षयरोगाचा उपचार करीत नाही, म्हणून ही जबाबदारी आपली नव्हे, असा समज काही वैद्यांत आहे. संशयित रुग्ण तपासणीस पाठविणे हे आपले पहिले काम. दोन आठवड्यांहून अधिक कास, सायंज्वर, वजन घटणे, थुंकीतून रक्त यांपैकी काहीही आढळल्यास थुंकीची तपासणी शासकीय केंद्रांत विनामूल्य होते. रुग्णास पोषणासाठी दरमहा मिळणारी मदत २०१८ मध्ये ५०० रुपये होती. नोव्हेंबर २०२४ पासून ती १,००० रुपये करण्यात आली.

औषधालयचालकांसाठी दुसरी बाब. औषध नियमांतील एच-१ अनुसूची मार्च २०१४ पासून अमलात आहे. क्षयरोगविरोधी औषधे व अनेक प्रतिजैविके तीत येतात. अशा विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपणे आवश्यक आहे. ही वही केवळ निरीक्षकांना दाखविण्यासाठी ठेवली जाते. वर्षाखेरीस ती स्वतः वाचणारे औषधालयचालक किती, हे ज्याचे त्याने पाहावे. आमच्या शेजारच्या औषधविक्रेत्या मित्राने हा प्रकार कळल्यावर एक साधी पद्धत सुरू केली. खोकल्याचे औषध चिठ्ठीवाचून नेण्यासाठी कोणी पंधरवड्यात तिसऱ्यांदा आले, तर औषधाऐवजी तो त्याला तपासणीची चिठ्ठी देतो. काही गिऱ्हाइके रागावली, दुसऱ्या दुकानात गेली. त्याने पद्धत बदलली नाही.

वडाळा ते जामखेड

विद्यार्थ्यांनी गावात राहून शिकावे, हा विचार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. किंबहुना सार्वजनिक आरोग्याच्या जगात आपला जिल्हा ज्या कामामुळे ओळखला जातो, त्याचे मूळ घोडेगावच्या शेजारीच आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून शिकून १९६० च्या दशकात येथून जवळच असलेल्या वडाळा येथील मिशन रुग्णालयात कामास लागले. रुग्ण बरे होऊन घरी जात, तेच पाणी पीत, त्याच उपासमारीत राहत आणि तीच दुखणी घेऊन पुन्हा परतत. रुग्णालयात कितीही काम केले तरी गावाचे आरोग्य बदलत नाही, हे त्यांनी तेथे ओळखले.

पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. कार्ल टेलर यांच्या हाताखाली सार्वजनिक आरोग्य शिकत असतानाच त्यांनी आपल्या नियोजित प्रकल्पाचा आराखडा तयार केला. म्हणजे जामखेडचा जन्म एका अर्थाने विद्यार्थ्यांच्या अभ्यासकार्यातूनच झाला. १९७० मध्ये काम सुरू झाले. प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत राहावयास तयार होईनात, तेव्हा गावांनीच निवडलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकविण्यात आले. त्यांतील बहुसंख्य निरक्षर होत्या. प्रकल्पाच्या नोंदींनुसार त्या गावांतील बालमृत्यूचे प्रमाण १९७१ मध्ये हजार जिवंत जन्मांमागे १७६ होते, ते १९७६ पर्यंत ५२ वर आले. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जागतिक जाहीरनामा झाला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ मध्ये व डॉ. रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले, तरी काम चालू आहे.

जामखेडला देशोदेशीचे सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी शिकावयास येतात. त्यांना शिकविणाऱ्यांत गावातील आरोग्यसेविकाही असतात. पदव्युत्तर विद्यार्थी समोर बसलेला आणि कधीकाळी अक्षरओळखही नसलेली स्त्री त्याला बाळंतपणाची, पाण्याची, कुष्ठरुग्णाची गोष्ट समजावून सांगते आहे. क्षेत्रकार्याचे सार त्यात आहे. विद्यार्थ्याला काय माहीत नाही, हे गावाने त्याला दाखवावे.

आमच्याकडेही थोडेफार तसेच घडले. विद्यार्थी छापील प्रश्नावली घेऊन वस्तीवर गेले, तेव्हा प्रत्येक घरातून "काही नाही, समदं बरं हाय" एवढेच उत्तर मिळाले. आशाताईंनी त्यांना समजावले की सकाळी बायका रोजंदारीवर निघालेल्या असतात. तिन्हीसांजेला जावे, कागद पिशवीत ठेवावा, आधी पाणी कोठून भरता एवढेच विचारावे. त्याप्रमाणे केल्यावर बोलणी सुरू झाली. कागद भरावयास वेळ लागला, पण जे भरले ते खरे भरले.

क्षेत्रकार्य कसे असावे?

नंतरच्या वर्षांत, मधला साथीचा काळ वगळता, आणखी काही विद्यार्थी आले. त्या अनुभवावरून काही सूचना मांडतो.

१. लेखी करार असावा. किती आठवडे, कोणते काम, कोणाच्या देखरेखीखाली, राहण्या-जेवण्याचा खर्च कोणाचा, हे संस्थेच्या पत्रावर आधी ठरवावे.

२. विद्यार्थ्यास औषधयोजना करू देऊ नये. तो बी.ए.एम.एस. असला तरी या काळात चिकित्सक नव्हे, निरीक्षक होय. पुड्या बांधणे, पैसे घेणे, गर्दी आवरणे यांसाठीही त्याला वापरू नये. ही चूक मी केलेली आहे.

३. पहिला आठवडा केवळ पाहण्यासाठी द्यावा. दवाखाना, उपकेंद्र, अंगणवाडी, पाण्याची टाकी, बाजार. जनावरांच्या बाजाराच्या गावी पशुवैद्यकांची भेट अवश्य घडवावी. जनावरांपासून माणसांस होणाऱ्या ब्रुसेलोसिससारख्या ज्वराचा विचार आपल्याकडे अभावानेच होतो.

४. प्रश्न एकच असावा व तो लहान असावा. "गावाचे आरोग्य" हा आठ आठवड्यांचा विषय नव्हे. "दीर्घकास असलेल्या रुग्णांपैकी किती तपासणीपर्यंत पोहोचतात?" हा आहे.

५. रुग्णाचे नाव गुप्त राहावे. रजिस्टर दवाखान्याबाहेर जाऊ नये, त्याची छायाचित्रे काढली जाऊ नयेत. काम संशोधन म्हणून प्रसिद्ध करावयाचे असल्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता आधी घ्यावी.

६. औषधालयांनीही विद्यार्थी घ्यावेत. औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीत समाविष्ट द्रव्ये असलेल्या आयुर्वेदीय कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे आवश्यक असते. अशी औषधे प्रत्यक्षात चिठ्ठीवर विकली जातात की मागेल त्यास, हा एका विद्यार्थ्यास पुरेसा विषय आहे. मुदत संपलेली औषधे, साठवणुकीची जागा, विरेचक चूर्णांची दैनंदिन सवय हे आणखी काही.

७. शेवटच्या आठवड्यात विद्यार्थ्याने आपले निष्कर्ष प्रथम वैद्यास व आशाताईंना सांगावेत, मगच विद्यापीठास. ज्यांची माहिती नेली, त्यांना ती परत मिळाली पाहिजे.

अडचणी

हे सर्व सुरळीत होते असे नाही. एका संस्थेचे पत्र विद्यार्थी येऊन तीन आठवडे झाल्यावर आले आणि त्यासोबत गुणांचा कोरा तक्ता होता. काय तपासावयाचे ते कोठेच लिहिलेले नव्हते. एक विद्यार्थी दोन दिवस राहिला व प्रमाणपत्र मागू लागला. मी दिले नाही. विद्यावेतन बहुधा नसते, त्यामुळे ज्यांना परवडते तेच येऊ शकतात. मुलींच्या निवासाची सोय हा गावोगावी खरा अडसर आहे. आणि वैद्याचा वेळ जातो, हे नाकारण्यात अर्थ नाही. रोज अर्धा तास विद्यार्थ्यांशी बसून बोलण्याची तयारी नसेल, तर त्यांना घेऊ नये.

आणखी एक अडचण आहे, ती उघडपणे कोणी बोलत नाही. परक्याने आपले रजिस्टर वाचावे, ही कल्पनाच आपल्याला रुचत नाही. आपले औषध, आपला हातगुण, आपले यश यांच्या कथा आपण अधिवेशनांतून सांगतो. जे रुग्ण पुन्हा आले नाहीत, त्यांचे काय झाले हे आपण विचारीत नाही. कारण त्या प्रश्नाचे उत्तर नेहमी आपल्या बाजूने असेल, याची खात्री नसते. मला तरी ती नव्हती.

समारोप

नगर येथे १९१७ मध्ये वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी आयुर्वेद विद्यालयाची स्थापना केली, तेव्हापासून या जिल्ह्यात आयुर्वेदाच्या अध्यापनाची परंपरा आहे. १९४६ च्या भोर समितीने वैद्यकीय विद्यार्थ्यांना प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण द्यावे असे सुचविले होते. आज आपले कितीतरी बी.ए.एम.एस. पदवीधर सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रांत काम करीत आहेत. त्यांना समूहाच्या आरोग्याचा विचार करावा लागणारच आहे. तो त्यांनी नेमणूक झाल्यावर प्रथम करावयाचा की विद्यार्थी असताना एखाद्या वैद्याच्या दवाखान्यात, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर आपल्या हाती आहे.

माझ्या रजिस्टरात आता नऊ रकाने आहेत. जुन्या सहांत गाव किंवा वस्ती, व्यवसाय आणि किती दिवसांपासून, हे तीन वाढले. तपासणीची चिठ्ठी दोन प्रतींत लिहितो. एक रुग्णाजवळ, एक माझ्या वहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी मागील महिन्याच्या प्रती काढतो आणि ज्यांच्याकडून काही कळले नाही, त्यांची नावे आशाताईंना देतो. यास एक तासही लागत नाही. त्या तासात मी रजिस्टर लिहीत नाही, वाचतो.

वैद्यमित्रांना विनंती एवढीच, की या ग्रीष्मात एखादा विद्यार्थी दारी आला तर त्याला परत पाठवू नये. आणि कोणी आला नाही, तर आपले मागील वर्षाचे रजिस्टर घेऊन एक दुपार स्वतः बसावे. दोन आठवड्यांहून अधिक कास असलेल्यांची यादी काढावी, आणि त्यांपैकी जो परत आला नाही, त्याच्या घरी जाऊन यावे. इत्यलम्.